ब्लीचचा हिशेब

आलेख छान काढलायस, पोरा.
डावीकडे डोंगर, मग घसरण,
मग सपाटीवर झोपलेली रेघ.
माझ्याकडे असलं काही नाही. माझ्याकडे ब्लीच आहे.

क्लीव्हलंडची पूर्व बाजू, इस्पितळाचा तळमजला,
रात्रपाळी, एकतीस वर्षं.
सुरुवातीला शनिवारच्या एका रात्रीत तीन कॅन लागायचे.
पुढे दोन.
मग एक कॅन दोन शनिवार पुरू लागला
आणि कोठारातला हॅस्किन्स विचारू लागला,
ओडेसा, काम करतेस ना गं?
करत होते.
फरशीच कोरडी राहू लागली होती.

का, ते तुला हवंय.
चौकटी छापून आणल्यास, खूण कर म्हणतोस.

पोलीस म्हणतात, आमच्यामुळे.
तुरुंग भरले, हे खरं.
माझ्या एका गल्लीतून अकरा पोरं नेली,
त्यातल्या चौघांनी कुणावर हात उगारल्याचं
मला तरी ठाऊक नाही.
त्या चौघांना कुठल्या चौकटीत बसवू?

शिसं. हे मला पटतं.
लहानपणी आम्ही खिडकीची कड चाटायचो,
रंगाचे पापुद्रे गोड लागायचे.
अम्ब्रोज, माझा धाकटा, मूठभर खायचा.
पुढे त्याचं डोकं आगकाडी झालं,
कुठेही घासलं की पेट.
पेट्रोलमधलं शिसं गेलं
आणि वीस वर्षांनी शहराचा ताप उतरला, म्हणतोस.
असेल.
अम्ब्रोजला ती वीस वर्षं मिळाली नाहीत.

डॉक्टर धरलेस का हिशेबात?
डॉक्टर विट्कोव्स्की पोटात कोपरापर्यंत हात घालून
गोळी शोधायच्या.
पूर्वी जो मेला असता, तो आता
चाकाच्या खुर्चीत बसून दारात सिगारेट मागतो.
तुझ्या कागदावर तो खून नाही.
त्याच्या आईला विचार, काय आहे ते.

कुणी म्हणतं कोकेनचा बाजार बसला.
कुणी म्हणतं पोरं फोनमध्ये शिरली, नाके ओस पडले.
आम्ही म्हातारे झालो, हेही लिही;
मारामारीला गुडघे लागतात.
मिसेस टॉलिव्हरनं कोपऱ्यावरच्या पडीक प्लॉटातलं
गाद्या-टायरचं उकिरडं उपसून भेंडी लावली,
त्या उन्हाळ्यात तिथं एकही गोळी सुटली नाही.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं म्हणशील तू.
पण पोरा,
कावळ्यालाही थोडं वजन असतंच.

आणि ती रेघ झोपलीये, असं समजू नकोस.
सगळे तोंडं बांधून फिरत होते ना, त्या वर्षी
मला पुन्हा तीन कॅन लागले.
का, ते तेव्हा कुणी विचारायला आलं नाही.

आता सांगते ते लिहू नकोस.
ब्याण्णवचा ऑगस्ट. कॉर्डेल सोळाचा.
खाली गाडी उभी, हॉर्नवर हॉर्न.
मी त्याचा डावा बूट
कपडे धुण्याच्या यंत्रामागे टाकला.
का टाकला, ठाऊक नाही.
हॉर्नचा आवाज आवडला नाही, एवढंच.
तो घरभर शोधत राहिला, मला नको ते बोलला,
भिंतीला लाथ मारली, अनवाणी.
गाडी निघून गेली. मी दहाच्या पाळीला गेले.

अडीच वाजता त्या गाडीतले दोघं आले.
दोघांनीही माझ्या हातची मक्याची भाकर खाल्लेली.
कॅन संपला, दुसरा उघडला.

त्या उन्हाळ्यात या शहरात
किती बूट हरवले,
मोजलंय का रे कुणी?

तुझ्या कागदावर शेवटी ‘इतर’ आहे.
केवढीशी चौकट ती. माझी करंगळीही मावायची नाही.

कॉर्डेल आता बस चालवतो, पहाटेची पहिली.
बूट उशाशी घेऊन झोपतो.
बायको चिडते.
मी मध्ये पडत नाही.